खोक्यातली वाघीण

मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात. 'वॅगन' हा साहेबाचा शब्द आपल्या माणसांनी तोंडात असा काही घोळवला की त्यातून जंगलातले जनावर बाहेर पडले आणि रुळांवरून धावू लागले. खरी वाघीण कित्येक टन कोळसा वाहते. पण जगात अशाही वाघिणी आहेत, ज्या जेमतेम साडेसहा सेंटिमीटर लांब असतात आणि तयार मिळत नाहीत. पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यात त्यांचे तुकडे मिळतात. बाजू, टोके, तळ, बफर, ब्रेकचे दांडे, सगळे प्लॅस्टिकच्या एका चौकटीला घडासारखे लटकलेले. चार चाके, दोन आस आणि घडी घातलेला एक कागद. कोणता तुकडा कुठे चिकटवायचा हे त्या कागदावर आकडे घालून लिहिलेले असते. एवढे सगळे असूनही नवशिक्याने जोडलेली पहिली वाघीण बहुधा रुळावर नीट उभी राहात नाही. तीन चाके रुळाला टेकतात, चौथे हवेत राहते, आणि पहिल्याच वळणावर गाडी घसरते.

का घसरते, हे कागदावर लिहिलेले नसते. ते दुसऱ्या माणसाला विचारावे लागते.

छोट्या रेल्वेचा हा छंद मुख्यतः ब्रिटन, जर्मनी, अमेरिका आणि जपान या देशांतला. बाहेरून पाहणाऱ्याला तो एकलकोंड्यांचा उद्योग वाटतो. एक वयस्क गृहस्थ, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, पुढ्यात पितळेचा पत्रा आणि घरच्यांकडे पाठ. चित्र खोटे नाही. पण त्या गृहस्थाच्या हातात जे कसब आहे त्यातले फार थोडे त्याचे स्वतःचे असते. बाकीचे त्याला कुणी तरी फुकट दिलेले असते, आणि तोही ते तसेच पुढे देत असतो. खेळण्यांच्या धंद्यात कोट्यवधींची उलाढाल होते. पण किटच्या खोक्यातून वाघीण बाहेर काढण्याची विद्या मात्र अजून अशी हातोहात फिरते.

सुरुवात अर्थातच खेळण्यांपासून झाली. जर्मनीतल्या मार्क्लिन या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांची खेळण्यातली रेल्वे मांडली, आणि एकदा घेतलेल्या रुळांना पुढच्या वर्षी आणखी रूळ जोडण्याची सोय झाली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये छिद्रे पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांच्या खेळाचे पेटंट घेतले. तोच पुढे 'मेकॅनो' म्हणून आपल्याकडच्या घरांतही आला. परदेशातून येणाऱ्या काकांनी आणलेला मेकॅनोचा संच भावंडांत कुणाच्या ताब्यात राहायचा यावरून झालेली भांडणे अनेकांना आठवत असतील. याच हॉर्नबीने १९२० साली रेल्वेगाड्या बाजारात आणल्या. पण त्या आकाराने एवढ्या मोठ्या की वळणासाठी सगळी बैठकीची खोली लागे. १९३५ च्या सुमारास ट्रिक्स आणि मार्क्लिन या दोन्ही जर्मन कारखान्यांनी रुळांची रुंदी साधारण निम्म्यावर, साडेसोळा मिलिमीटरवर आणली आणि रेल्वे जेवणाच्या टेबलावर मावू लागली. हा छंद प्रामुख्याने पुरुषांचा राहिला. तो बहरला मात्र घरातल्या कुणी तरी जेवणाच्या टेबलावरचा आपला हक्क महिनोन्‌महिने सोडला म्हणून, हे सहसा कुणी सांगत नाही.

टेबलावर आलेल्या या रेल्वेने इंग्रजांना एक जन्माचा वाद दिला. युरोपात मॉडेलचे प्रमाण ठरले ८७ ला १. इंग्लंडमधली खरी इंजिने युरोपातल्या इंजिनांहून अंगाने लहान. त्या प्रमाणात केलेल्या इंग्रजी इंजिनाच्या पोटात त्या काळची विजेची मोटर मावेना. मग इंग्रजांनी शक्कल काढली. रूळ तेच साडेसोळा मिलिमीटरचे ठेवले आणि वरचे इंजिन तेवढे जरा मोठे केले, ७६ ला १. हॉर्नबीच्या १९३८ च्या 'डब्लो' गाड्यांनी ते रूढच करून टाकले. मोटर मावली, पण हिशेब बिघडला. खऱ्या रुळांमधले अंतर ४ फूट साडेआठ इंच. फुटाला चार मिलिमीटर धरले तर मॉडेलचे रूळ १८.८३ मिलिमीटर हवेत. साडेसोळा म्हणजे खऱ्या मापात ४ फूट दीड इंचच भरले. थोडक्यात, इंग्रजांची छोटी रेल्वे गेली ऐंशीहून अधिक वर्षे अरुंद रुळांवर चालली आहे. समोरून पाहिले तर ती पाय जवळ घेऊन चालणाऱ्या लठ्ठ माणसासारखी दिसते. बहुतेकांना याचे काही वाटत नाही. काहींना मात्र रात्री झोप लागत नाही. त्यांनी १८.२ मिलिमीटरचे रूळ स्वतः घालायला सुरुवात केली, त्यांची संस्था १९५५ साली निघाली. त्यांच्याहून कडवे निघाले ते थेट १८.८३ वर जाऊन थांबले. बाजारात या मापाचे तयार असे जवळपास काही मिळत नव्हते. चाके, आस, सांधे सगळे हाताने. एकट्यादुकट्याने हे होणेच शक्य नव्हते. एकाने केलेले मोजमाप दुसऱ्याने तपासायचे, तिसऱ्याने छापून वाटायचे, अशीच ती मंडळी पुढे गेली.

अमेरिकेत याहून मोठा घोळ होता. तिथे एका कारखान्याची चाके दुसऱ्याच्या रुळांवर चालत नसत. १९३४ च्या जानेवारीत मिलवॉकीजवळ 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक सुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्याच शहरात छांदिष्टांनी आपली राष्ट्रीय संघटना काढली. तिचे पहिले महत्त्वाचे काम म्हणजे चाकाची कडा किती जाड, दोन चाकांत अंतर किती, सांध्यातली फट किती याची मापे ठरवणे. ती मापे एका छोट्या धातूच्या पट्टीत कापून सदस्यांच्या हातात दिली गेली. चाक त्या खाचेत बसले तर ठीक, नाही तर परत. सरकारचा कायदा नाही, कारखानदारांचा करार नाही. गिऱ्हाइकांनी मापे ठरवली आणि कारखाने हळूहळू त्यांच्यामागे आले. असे उदाहरण दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल तर मला ठाऊक नाही.

आता आपल्या घसरलेल्या वाघिणीकडे येऊ. इंग्लंडमध्ये शनिवारी एखाद्या शाळेच्या किंवा चर्चच्या हॉलमध्ये छोट्या रेल्वेचे प्रदर्शन भरते. एका कोपऱ्यात चहा आणि केक, मध्ये चार-सहा जणांनी आणलेले 'लेआउट', म्हणजे फळ्यांवर उभारलेली स्टेशने आणि गावे, आणि भिंतीकडेला एक-दोन साधी टेबले. लहान मुले लेआउटभोवती गर्दी करतात. पण छांदिष्ट माणूस सरळ त्या टेबलाकडे जातो. तिथे कुणी तरी किट जोडत बसलेला असतो आणि समोर रिकामी खुर्ची असते. खिशातून रुमालात गुंडाळलेली वाघीण काढून टेबलावर ठेवायची, एवढाच प्रवेश.

टेबलापलीकडचा माणूस ती आधी आरशाच्या तुकड्यावर ठेवतो. काच सपाट असतेच, शिवाय चाक आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यातली फट दुप्पट दिसते. मग तो सांगू लागतो. तुकडे चौकटीपासून पिरगाळून तोडायचे नाहीत, कापायचे, आणि राहिलेला कोंब कानशीने घासायचा. त्याआधी सगळी चौकट साबणाच्या कोमट पाण्यात धुवायची, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेले तेल तिला चिकटलेले असते आणि पुढे रंग धरत नाही. चिकटवायला गोंद नको. पातळ द्रावक मिळते. ब्रशच्या टोकाने ते सांध्याला नुसते टेकवले की आपोआप आत ओढले जाते, दोन्ही कडा विरघळवते आणि उडून जाते. उरते ते एकजीव प्लॅस्टिक. एक बाजू आणि एक टोक गुण्यात धरून पहिला काटकोन साधायचा, तो वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. घाईघाईत एका संध्याकाळी चारी भिंती उभ्या करणाऱ्याचे घर कलते, तसेच हे.

आणि चौथे चाक? त्याचे उत्तर सोपे आहे, पण ते कळेपर्यंत माणसे वर्ष वर्ष घालवतात. तळाला दोन्हीकडून ज्या उभ्या पट्ट्या लावायच्या असतात त्यांतच आसांची टोके फिरतात. टोकापासून टोकापर्यंत सव्वीस मिलिमीटरचा तो आस. पट्ट्या चिकटवताना मध्ये आस घालूनच चिकटवायच्या आणि द्रावक पुरते वाळण्याआधी गाडी काचेवर उभी करून वरून बोटाने हलकेच दाबायची. चारही चाके आपापली जागा शोधतात. मग रात्रभर हात लावायचा नाही. ज्यांना याहून पक्के हवे ते एक आस घट्ट ठेवतात आणि दुसरा मधोमध टेकवून झोक्यासारखा हलता ठेवतात. चुलीला दगड तीनच का मांडतात हे ज्या घरात ठाऊक आहे तिथे यामागचे तत्त्व निराळे समजावायला नको.

नंतर येते वजन. प्लॅस्टिकची गाडी फुलासारखी हलकी. ती वळणावर उडते. इंग्लंडमधला रूढ हिशेब एका आसामागे पंचवीस ग्रॅम. पूर्वी सगळे जण पोकळीत शिशाच्या बारीक गोळ्या भरत आणि त्यावर लाकडाला लावतात तो पांढरा गोंद ओतत. गाडी झकास चाले. पाच-दहा वर्षांनी कपाटातून काढावी तर तिचे पोट फुगून फुटलेले! गोंदातल्या आम्लाने शिशावर पांढरा क्षार धरतो, तो मूळ धातूहून जास्त जागा मागतो आणि प्लॅस्टिक आतून उकलते. ही गोष्ट कोणत्याही किटच्या कागदावर छापली जाण्याआधी प्रदर्शनांतल्या अशा टेबलांवर आणि मासिकांच्या पत्रव्यवहारात सांगितली गेली. ज्यांची इंजिने फुटली त्यांनीच ती सांगितली. आज जुने मॉडेल विकत घेणारा शहाणा माणूस आधी ते हलवून आत शिसे आहे का पाहतो.

प्लॅस्टिक ही पहिली यत्ता. पुढे कथिल-मिश्र पांढऱ्या धातूचे ओतीव तुकडे येतात, आणि त्यापुढे पितळेचा पत्रा. पांढरा धातू थोड्याशा उष्णतेने वितळतो. नेहमीचे तापलेले सोल्डरिंगचे हत्यार त्याला लावले तर इंजिनाचे बॉयलर डोळ्यांदेखत डबके होते. त्यासाठी सत्तर अंशांना वितळणारे खास सोल्डर असते आणि हत्याराची धग कमी ठेवावी लागते. पण या सत्तर अंशांचा एक मोठा फायदा कुणा तरी धूर्त माणसाने ओळखला: पाणी शंभर अंशांना उकळते. म्हणजे जोडणी बिघडलेले इंजिन उकळत्या पाण्यात सोडले की सांधे आपोआप सुटतात आणि तुकडे भांड्याच्या तळाशी जाऊन बसतात, मूळ खोक्यातून आले तसे. चिमट्याने काढा, पुसा, पुन्हा जोडा. भांडे मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये, कारण त्या मिश्रधातूंत बहुधा शिसे असते. हे शेवटचे वाक्य टेबलावरचा म्हातारा न विसरता सांगतो.

पितळेच्या किटचे शास्त्र आणखी वेगळे. सपाट पत्र्यावर आम्लाने कोरून सगळे भाग काढलेले असतात. जिथे घडी घालायची तिथे अर्ध्या जाडीची रेघ. घडी आतल्या बाजूला की बाहेरच्या? नवशिका हमखास उलटी घालतो आणि पुन्हा सरळ करायला गेला की पत्रा तुटतो. रेघ आत. एवढे दोन शब्द कुणी वेळेवर सांगितले तर एक किट वाचते, आणि चांगल्या पितळी इंजिनाच्या किटची किंमत पाहता ते काही कमी उपकार नव्हेत.

अशा टेबलांच्या मागे शंभरावर वर्षांची परंपरा आहे. लंडनचा 'मॉडेल रेल्वे क्लब' १९१० सालचा. 'रेल्वे मॉडेलर' हे मासिक १९४९ मध्ये निघाले आणि पुढच्याच वर्षी सिरिल फ्रीझर नावाचा माणूस त्याचा संपादक झाला, तो १९७८ पर्यंत. हा गृहस्थ मला फार मोठा वाटतो. त्याआधी या छंदाची छायाचित्रे येत ती बंगल्याचे माळे आणि बागा राखून असणाऱ्यांची. फ्रीझरने ओळखले की महायुद्धानंतरच्या इंग्लंडात वाचकाजवळ असते ती भाड्याच्या घरातली एक भिंत. तो नकाशे छापत गेला, कपाटाच्या वरचे, पलंगाखालचे, घडी घालून ठेवायचे. १९५७ चा त्याचा 'मायनरीज' नावाचा आराखडा प्रसिद्ध आहे: लंडनमधले छोटे शेवटचे स्थानक, तीन फलाट, आणि सांध्यांची अशी हुशार रचना की कोणत्याही फलाटावरून गाडी बाहेर काढताना तिला मोठा वळसा पडू नये. सात फुटांच्या आसपास जागेत ते बसे. आजही माणसे त्याच्या प्रती उतरवून घेतात.

रोझबड ही बाहुल्या बनवणारी कंपनी. तिने १९५९ मध्ये 'किटमास्टर' नावाने इंजिनांची प्लॅस्टिक किट काढली. तीन-चार वर्षांत ती बंद पडली, साचे एअरफिक्सकडे गेले, तिथून डॅपॉलकडे. साचा एकच, खोक्यावरचे नाव दोनदा बदललेले. पण त्या किटमध्ये मोटर घालायची कशी, कोणता भाग कापायचा, हे कोणत्याच मालकाने नीट सांगितले नाही. ते छांदिष्टांनी एकमेकांना सांगितले.

आता या मंडळींचे सगळेच गुण गाण्याजोगे आहेत असे नव्हे. सल्ला देण्याची खोड एकदा लागली की सुटत नाही. इंजिनावर खिळे एकशे बारा हवेत आणि तुम्ही एकशे आठ केलेत, असे सांगणारा इसम प्रत्येक प्रदर्शनात भेटतो. त्याला तिकडे 'रिव्हेट मोजणारा' म्हणतात. लहान मुलगा हौसेने चालवत असलेल्या गाडीजवळ उभे राहून, हे इंजिन या मार्गावर कधी धावलेच नाही असे म्हणणारे महाभागही असतात. त्यांना गप्प करण्यासाठी छांदिष्टांत एक उत्तर प्रचलित आहे: रेल्वे माझी आहे. तरीही रिव्हेट मोजणाऱ्यावर मला फार राग धरवत नाही. कारण त्यानेच कुठल्या तरी भंगारखान्यात जाऊन, मोडायला निघालेल्या इंजिनावर चढून ते रिव्हेट खरेच मोजलेले असतात. इंजिन वितळले; आकडा त्याच्या वहीत राहिला.

या छंदाला पाद्री मंडळी फार. 'थॉमस' या इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री स्वतःचा लेआउट घेऊन प्रदर्शनांना जात. रेव्हरंड पीटर डेनी यांनी १९४० च्या दशकात 'बकिंगहॅम' नावाचे स्टेशन हाताने बांधायला घेतले आणि पुढे कित्येक दशके ते बांधत राहिले. खऱ्या स्टेशनमास्तरांप्रमाणे घंटेचे संकेत देऊन गाड्या सोडायच्या, म्हणजे पलीकडच्या टोकाला दुसरा माणूस हवा. ते काम त्यांचा मुलगा क्रिस्पिन करी. मुलगा नसेल तेव्हा काय? डेनींनी त्याच्या जागी काम करणारे एक यंत्र जुळवले आणि त्याचे नाव ठेवले 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. हे सगळे त्यांनी मासिकातून लेख लिहून तपशीलवार सांगून टाकले, कुणालाही करता येईल असे. म्हातारपणी त्यांना तो लेआउट सांभाळणे अवघड झाले तेव्हा दुसऱ्या एका छांदिष्टाने तो उचलून नेला, दुरुस्त केला आणि चालता ठेवला. लेख होते म्हणूनच ते जमले.

कॅलिफोर्नियातल्या जॉन ॲलनच्या वाट्याला ते आले नाही. डोंगर, दऱ्या, पूल यांनी जमिनीपासून छतापर्यंत घर भरून टाकणारा त्याचा लेआउट अमेरिकेत दंतकथा झाला होता. १९७३ च्या जानेवारीत ॲलन वारला, आणि काही दिवसांतच घराला आग लागून सगळे जळाले. राहिले ते त्याने मासिकांसाठी काढलेले फोटो आणि लिहून ठेवलेल्या युक्त्या.

जपून ठेवण्याच्या ध्यासाचे सर्वांत मोठे उदाहरण ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅम गावी आहे. रॉय इंग्लंड हा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियाहून आला, 'व्हाइट हॉर्स' नावाच्या खोऱ्यातली गवताने शाकारलेली घरे पाहून वेडावला, आणि ती डोळ्यांदेखत बदलताना पाहून अस्वस्थ झाला. त्याने ती पुठ्ठ्याची करायला घेतली, ७६ ला १ या प्रमाणात, एकेका घराला शेकडो तास. १९५४ मध्ये 'पेंडन' संग्रहालय उभे राहिले. परसातल्या भाज्यांचे वाफेसुद्धा तिथे बांधलेले आहेत. रॉय इंग्लंड १९९५ साली वारला. काम चालू आहे, कारण जुने स्वयंसेवक नव्यांना शेजारी बसवून शिकवतात.

आणि ही विद्या कुठल्या कुठे जाते पाहा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९४६ पासून विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब आहे. त्यातल्या काहींना गाड्यांपेक्षा फळीखालच्या तारांत जास्त रस. टेलिफोन कंपनीच्या जुन्या सामानातून त्यांनी गाड्या नियंत्रित करण्याची यंत्रणा उभी केली आणि चतुराईने केलेल्या जोडणीला ते 'हॅक' म्हणू लागले. १९५९ च्या त्यांच्या शब्दसूचीत तो शब्द आहे. हीच पोरे पुढे संस्थेतल्या संगणकांवर जाऊन बसली. आपण आज ज्याला 'हॅकर' म्हणून घाबरतो त्याचे कुलदैवत असे एका खेळण्यातल्या स्टेशनाखाली आहे.

आज या टेबलांपुढचा प्रश्न सरळ आहे: समोरच्या खुर्चीत कोण बसणार? १९९० च्या दशकात ब्रिटिश कंपन्यांनी उत्पादन चीनमध्ये हलवले, आणि तिथून इतकी देखणी तयार इंजिने येऊ लागली की किट जोडणाऱ्याला वर्षभर राबूनही तेवढी सफाई साधेना. मग जोडायचे कशाला? किट काढणारे कारखाने बहुतेक एका-दोघा माणसांचे. मालक थकला की साचे कपाटात जातात. कुणाचे नशीब बरे असेल तर मोठी कंपनी ते घेते; 'पार्कसाइड'च्या वाघिणी आता 'पेको'कडे आहेत. १९४६ पासूनचे लिव्हरपूलकडचे 'हॅटन्स' हे दुकान २०२४ मध्ये बंद झाले. बर्मिंगहॅमला भरणारे 'वॉर्ली' क्लबचे राष्ट्रीय प्रदर्शन २०२३ नंतर थांबले. दुसरीकडे, पूर्वी ज्याला साचा काढणे परवडले नसते असा माणूस आज घरातल्या त्रिमितीय छपाईयंत्रावर एखाद्या विसरलेल्या डब्याचे भाग छापतो आणि चार जणांना देतो. खुर्च्या अजून पुरत्या रिकाम्या नाहीत.

आपल्याकडे हे सारे परके वाटायचे कारण नाही. दिवाळीत किल्ला केलेल्या प्रत्येक मुलाने हा उद्योग केलेला आहे. दगडांवर पोते टाकून त्यावर चिखल, तटाला गेरू, हिरवळीसाठी आळीव. ते कधी पेरले म्हणजे वसुबारसेला उगवेल, हे शेजारच्या वाड्यातला दादा सांगे. इंग्लंडात गवतासाठी पूर्वी रंगवलेला भुसा आणि वाळवलेला चहाचा चोथा वापरत. खडी रुळांत पसरून तीवर पाणी मिसळलेला गोंद सोडायचा आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, म्हणजे तो खडीवर गोळा न होता आत झिरपतो, ही युक्ती किल्ल्याच्या तटालाही चालेल. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे गाड्या, सिग्नल, रस्ते यांनी गजबजलेले सबंध शहर चालताना दिसते. मुलांना घेऊन जावे, आणि गाड्यांपेक्षा सांध्यांकडे बघायला सांगावे.

भारतीय गाडी करायची म्हटली की मात्र इंग्रजांचा जुना वाद नव्या रूपात दारात उभा राहतो. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ८७ ला १ केली तर रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरचे हवेत. बाजारात सहज मिळतात ते साडेसोळाचे. म्हणजे आपली 'डेक्कन क्वीन'ही पाय जवळ घेऊनच चालणार. ज्याला हे खपत नाही त्याने स्वतः रूळ घालावेत. बोरघाटातले जुने उलटे स्टेशनही कुणी तरी करावे असे आहे: १८६३ मध्ये घाट खुला झाला तेव्हा गाडी कड्याच्या टोकाशी जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूला जोडले जाई आणि उलट दिशेने चढण पुढे चाले. कमी जागेत जास्त रूळ बसवण्यासाठी फ्रीझर जे नकाशे काढी त्यातलाच हा एक, फक्त सह्याद्रीने काढलेला.

मला विचाराल तर हिशेब सर्वांत चांगला जमतो तो बार्शी लाइटचा. अडीच फुटांची, ७६२ मिलिमीटरची ती गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी सुरू झाली. पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली, आणि आता सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ. नऊ मिलिमीटरचे रूळ दुकानात तयार मिळतात. फरक नखाएवढा. तिचा इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने पुढे इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये तेवढ्याच रुंदीची 'लीक अँड मॅनिफोल्ड' रेल्वे बांधली. ती १९०४ ते १९३४ अशी तीसच वर्षे चालली, पण तिकडच्या छांदिष्टांनी तिची खूप मॉडेले केली आहेत. एकाच माणसाच्या हाताखालच्या या दोन रेल्वे. डब्यांची धाटणी मिळतीजुळती. म्हणजे बार्शीची गाडी करू पाहणाऱ्याला स्टॅफर्डशायरच्या एखाद्या टेबलावरून बरेच काही मिळण्याजोगे आहे. सोलापूर-लातूरकडच्या घरांतल्या जुन्या फोटोंच्या बदल्यात ते मिळाले तर दोघांनाही हवेच असेल. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हलक्या रुळांवर भार वाटला जावा म्हणून कॅलथ्रॉपने बार्शीच्या डब्यांना बोगी दिल्या होत्या. त्यामुळे इथे काचेवर ठेवून पाहायची चाके चार नाहीत, आठ आहेत.